कोळ्याचा पोरगा, व्हीआरचा हेडसेट आणि फुटलेला टीव्ही

*ताई, वय २३, राहणार वर्सोवा कोळीवाडा. आमची बोट आहे, आजोबांपासून धंदा, मी मात्र अंधेरीला ऑफिसात बसतो आणि सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर बोटीवर जातो. लहानपणापासून जातोय, आजपर्यंत एकदा पण उलटी झाली नाही. गणपतीत मावसभाऊ दुबईवरून आला तो व्हीआरचा हेडसेट घेऊन आला, तो डोळ्यांना लावला की आपण गेमच्या आतच आहोत असं दिसतं, माझ्या गेमिंग लॅपटॉपला जोडला आणि सबनॉटिका नावाचा समुद्राखालचा गेम लावला. तो गेम मी साध्या स्क्रीनवर आधी थोडा खेळलेलो, उथळ पाण्यात घर वगैरे बांधलं, मजा आलेली. ह्या वेळी मित्र बोलले की पडलेल्या जहाजाच्या मागे जा, तिकडे भारी सामान मिळतं. गेलो. पाणी गढूळ, कायतरी डरकाळीसारखा आवाज आला, मान वळवली तर तोंडासमोरच. मी ओरडलो, हात फिरवला तो टीव्हीवर बसला, टीव्ही फुटला. आईला सांगितलं मांजराने पाडला. मित्रांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'कोळ्याचा पोरगा पाण्याला घाबरला'. इथपर्यंत ठीक होतं पण आता तीन रविवार झाले मी बोटीवर गेलो नाही, बाबांना सांगतो ऑफिसचं काम आहे. त्याच्या आधी एकदा गेलेलो तर जाळं ओढताना पाण्यात हात घालवेना, खालून कायतरी वर येतंय असं सारखं वाटायचं. मावसभाऊ हेडसेट डिसेंबरपर्यंत माझ्याकडे ठेवून गेलाय. रोज थोडं थोडं खेळून भीती मारून टाकू का? दुसरं म्हणजे डोकं गरगरतं, मळमळतं, जे बोटीवर कधीच होत नाही, ते का? आणि माझ्यासारख्याने असे गेम खेळावेत का सोडून द्यावेत? नाव छापू नका.*

अरे बाबा, पहिलं खरं सांगते, टीव्हीपर्यंत वाचलं आणि मी हसले, माफ कर. मग बोटीचं वाचलं आणि हसू गेलं. तेव्हा आधी बोटीचंच डोक्यात ठेवून बोलूया, मित्रांचं आणि मांजराचं शेवटी बघू.

तू जिथे टीव्ही फोडलास ना, त्या जागी जगभरातल्या लोकांनी काय काय फोडलंय. ऑरोरा जहाजाच्या मागची बाजू म्हणजे रीपर लेव्हायथनचं घर, पन्नास मीटरच्या वर लांबीचं जनावर, तोंडाला गळासारखे चार आकडे, आणि तुझ्या मित्रांना हे माहिती होतं म्हणूनच त्यांनी तुला तिकडे पाठवलं आणि आधीच मोबाईल काढून बसले. भारी सामान तिकडे आहे हे खरंय, पण ते नवीन माणसाला सांगायचं नसतं. दादरला उतरायचंय म्हणणाऱ्याला विरार फास्टमध्ये चढवून दरवाज्यात उभं करण्यातला प्रकार आहे हा.

हा गेम बनवणाऱ्यांनी किती विचार करून घाबरवलंय ते जरा ऐक, म्हणजे 'माझ्यातच कायतरी कमी आहे' हा किडा डोक्यातून जाईल. अननोन वर्ल्ड्स नावाच्या कंपनीने डिसेंबर २०१४ ला अर्धवट अवस्थेतच लोकांना खेळायला दिला, पूर्ण गेम आला जानेवारी २०१८ ला. ४५४६बी नावाचा ग्रह, जवळजवळ सगळं पाणीच, तुझं जहाज पडलेलं आणि तू एकटा. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंडने ठरवलं की ह्या गेममध्ये बंदूक द्यायचीच नाही, कारण डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हुक शाळेत गोळीबार झाला आणि जगात अजून एका बंदुकीची भर आपण कशाला घालायची असं त्याला वाटलं. आता ह्याचा खेळणाऱ्यावर परिणाम काय होतो बघ. बाकी हॉरर गेममध्ये भूत आलं की तू गोळी घालतोस, इथे हातात चाकू, फार तर जनावराला थोडा वेळ थिजवून ठेवणारं यंत्र, म्हणजे पळ काढणे हाच मुख्य उपाय. नकाशा नाही, तोही मुद्दामच दिलेला नाही. सुरुवातीला ऑक्सिजनचं नळकांडं नसताना श्वास फक्त ४५ सेकंद पुरतो. शंभर मीटरच्या खाली गेलास आणि तोंडावर रीब्रीदर नावाचा मुखवटा नसेल तर ऑक्सिजन अजून भराभर संपतो. आणि ती डरकाळी जी तू ऐकलीस, ती नुसती भीती दाखवायला नाहीये, गेममध्ये रीपरची माहिती वाचलीस तर कळेल की ती त्याची सोनार यंत्रणा आहे, तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून बघतो. म्हणजे तुला त्याचा आवाज ऐकू आला तर त्याला तू दिसलेला असतोस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले, लॅपटॉप बंद केला आणि बाथरूमला जाताना पॅसेजमधला लाईट लावून गेले. वय तेव्हा ३१ होतं.

आता 'कोळ्याचा पोरगा' ह्या भागाकडे येऊ, कारण तुला भीतीपेक्षा हा शब्द जास्त लागलाय असं पत्रावरून वाटतंय.

मला सांग, तुझ्या बाबांनी आयुष्यात किती वेळा समुद्राच्या आत डोळे उघडून बघितलंय? मुंबईच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत, गाळ तेवढा. कोळी माणसाला समुद्र वरून कळतो. वारा कुठून आहे, पाण्याचा रंग कुठे बदलला, भरती किती वाजता, उधाण कधी, जाळ्याला ओढ किती लागतेय, हे सगळं वरून आणि हातातून. खालचं त्याला जाळ्यात वर आल्यावर दिसतं, तेही मेलेलं किंवा तडफडणारं. गेमने तुला एका फटक्यात खाली उभं केलं, जिथे तुझ्या खानदानात कोणी उभं राहिलेलं नाही. उलट मला विचारशील तर पाण्याबद्दल काहीच माहिती नसलेल्या माझ्यासारख्या गिरगावातल्या बाईपेक्षा तुला जास्त भीती वाटणं बरोबरच आहे, कारण मला तो गेम वाटतो आणि तुला तो दर्या वाटतो. तुला माहितीये की दर्या खरोखर माणूस घेतो. तुमच्या आळीत एखादं तरी घर असेलच.

आणि पायाखाली काय आहे ते न दिसणं ही भीती काय फक्त कोळीवाड्याची नाही. २६ जुलै २००५ ला मी कुर्ल्याहून चालत निघालेले, सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला हे नंतर पेपरात वाचलं, तेव्हा एवढंच कळत होतं की पाणी छातीला लागतंय आणि रस्ता दिसत नाहीये. पाण्याची भीती मला तेव्हा वाटलीच नाही, वाटत होती ती उघड्या गटाराची. पुढचा माणूस छत्रीची काठी रस्त्यावर आपटत चाललेला आणि आम्ही दहा-बारा अनोळखी लोकं एकमेकांचे हात धरून त्याच्या मागे. अजून पण पावसात गुडघाभर पाणी साचलं की माझा पाय आपोआप घासत घासत पुढे जातो. ह्याला कोणी मला घाबरट म्हटलेलं नाही अजून.

बरं, साध्या स्क्रीनवर तोच गेम मजेत खेळलास आणि हेडसेटमध्ये ततपप झाली, हे का. स्क्रीनला चार कडा असतात रे. कडेच्या बाहेर तुझी खोली असते, पंखा असतो, आईची भांड्यांची खडखड असते, भीती वाटली की डोळे अर्धा इंच बाजूला केले की सुटलास. हेडसेटमध्ये कडाच नाही, डोळे बाजूला केले तरी समुद्रच, आणि मोठी वस्तू खरोखर मोठी दिसते, स्क्रीनवर रीपर म्हणजे वीतभर असतो आणि हेडसेटमध्ये पन्नास मीटर म्हणजे पन्नास मीटर. वर मागे वळून बघायला तुझी खरी मान वळवावी लागते, आणि मान वळवून बघायची भीती ही माणसाची फार जुनी भीती आहे, ती बटन दाबून कॅमेरा फिरवण्यात येतच नाही. आवाजाचं पण तसंच. खऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, त्यामुळे दोन्ही कानांत तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि कुठून आला ते मेंदूला कळेनासं होतं, सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. समुद्र तसा गप्प नसतोच, घोळ आणि ढोमी त्यांच्या पोटातल्या फुग्याने, म्हणजे तुम्ही ज्याला बोत म्हणता ना ज्याला एवढा भाव येतो, त्याने ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. गेमवाल्यांनी हा गोंधळ बरोबर पकडलाय, डरकाळी ऐकू येते पण जनावर नक्की कुठे ते नाही कळत, आणि त्या मधल्या दहा सेकंदांत सगळा गेम आहे. जनावर दिसल्यावर खरं तर अर्धी भीती संपलेली असते.

आता तुझा मुख्य प्रश्न, रोज खेळून भीती मारू का.

नको. आणि हे का नको ते नीट वाच, कारण तुझ्या डोक्यात जी आयडिया आहे ती अर्धी बरोबर आहे म्हणून जास्त धोक्याची आहे. व्हीआर लावून भीतीवर उपचार करतात हे खरंय. १९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी उंचीची भीती असलेल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास छापला, त्यात हेडसेटमधून पादचारी पूल, गॅलऱ्या आणि काचेची लिफ्ट दाखवायचे. पण कसं दाखवायचे, तर आधी कमी उंची, तिथे माणूस उभा राहतो, भीती चढते, तज्ज्ञ बाजूला बसलेला असतो, विचारतो आता किती वाटतेय, भीती आपली आपण खाली येईपर्यंत तिथेच थांबायचं, मग पुढची पायरी. कधी काय दिसणार हे माणसाला माहिती असतं, थांबवायचं त्याच्या हातात असतं.

हॉरर गेम बरोबर ह्याच्या उलटा बांधलेला असतो. तुझी भीती खाली आली की बनवणाऱ्याचं काम फुकट गेलं. तू सरावलास असं वाटलं की तो जागा बदलतो, आवाज बदलतो, जरा निवांत होऊ देतो आणि मग हाणतो. यंत्र तेच, हेतू एकदम विरुद्ध. त्यात तू करणार काय, तर रोज संध्याकाळी जाणार, रीपर येणार, तू हेडसेट काढून फेकणार, आणि मेंदू शिकणार की बघ, पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी अजून लवकर पळशील. भीती मारायच्या नादात तू तिला रोज खुराक देशील, अगदी वेळेवर. तुझा मावसभाऊ डिसेंबरात येईपर्यंत ती चांगली गुबगुबीत होईल.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे सबनॉटिका हेडसेटमध्ये बंद. पूर्ण बंद. लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळ, दिवसा, दार उघडं ठेवून, आणि नवीन गेम सुरू करताना क्रिएटिव्ह मोड घे, ज्यात ऑक्सिजन संपत नाही, भूक-तहान नाही आणि मरायची भानगड नाही. मग स्वतःच्या मर्जीने ठरवून रीपरकडे जा. हो, जा. लांब थांब, तो गोल गोल फिरतो ते बघ, त्याची हद्द असते, फार पुढे येत नाही. स्कॅनर काढ आणि त्याला स्कॅन कर आणि त्याची माहिती वाच. तो भूत नाहीये, जनावर आहे, काय खातो कसा शोधतो सगळं लिहिलंय. तुला पाकट माहितीये ना, जाळ्यात आलं की नवीन खलाशी चार हात लांब पळतो आणि तुझे बाबा काटा कुठे आहे ते बघून शेपटीचा बंदोबस्त करून टोपलीत टाकतात. बाबांना पाकटाचा काटा कमी लागतो असं थोडीच आहे, त्यांना तो कुठे असतो ते माहितीये एवढंच. अजून एक, बीकन बनव आणि ओळखीच्या जागी टाकत जा, तुम्ही जाळ्याला बोया आणि झेंडा लावता ना तसं. नकाशा नसलेल्या पाण्यात अर्धी भीती आपण वाट चुकू ह्याची असते, आणि ती बीकनने बरीच जाते.

हेडसेटला हात लावायचाच असेल, आणि तू लावणारच मला माहितीये, तर पाण्याचेच पण न चावणारे अनुभव घे. द ब्लू नावाचा एक आहे, वेव्हर कंपनीचा, २०१६ चा, त्यात तू बुडालेल्या जहाजाच्या डेकवर उभा असतोस आणि एक ब्लू व्हेल अगदी जवळून जाते, तिचा डोळा तुझ्याकडे बघतो आणि ती निघून जाते. बस, एवढंच, काही मिनिटांचं. मी त्यात रडलेले, का ते विचारू नको. त्यातच एक प्रवाळाचा भाग आहे आणि एक अंधारातल्या खोल पाण्याचा, तर तू प्रवाळ, मग व्हेल, आणि अंधार सगळ्यात शेवटी, वाटलं तरच. ओशन रिफ्ट पण चांगलाय, त्यात कुठलं जनावर भेटायचं ते आपण आधी निवडतो, डॉल्फिन म्हटलं की डॉल्फिनच, मध्येच शार्क टपकत नाही. एका जागी उभा राहा, छातीत धडधड झाली तर लगेच काढू नको, श्वास बाहेर सोडताना जरा लांबव आणि धडधड उतरली की मग काढ. पळून काढला आणि उतरल्यावर काढला ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोज नको, एक दिवसाआड दहा मिनिटं बास.

मळमळीचं सोपं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. बोटीवर लोकांना उलटी का होते, शरीर हलतंय हे कानाला कळतं पण केबिनमध्ये बसलेल्या डोळ्याला सगळं स्थिर दिसतं, दोघांचं जमत नाही. व्हीआरमध्ये भांडण तेच पण बाजू उलट्या, डोळा म्हणतो आपण पोहतोय, कान म्हणतो बस कर, खुर्चीवर बसलायस. तुझं शरीर पहिल्या भांडणाला लहानपणापासून सरावलेलं आहे, दुसरं त्याला नवीन आहे. त्यात दर्यावर्दीपणाला बट्टा वगैरे काही लागलेला नाही. आणि सबनॉटिकाचा व्हीआर भाग खरं सांगायचं तर कच्चा आहे, मूळ गेम साध्या स्क्रीनसाठी केलेला, हेडसेटचे हातातले कंट्रोलर पण मुळात चालत नाहीत, गेमपॅड किंवा कीबोर्ड-माउस लागतो, आणि शिडीवर चढताना वगैरे गेम स्वतःच कॅमेरा ओढतो, आपली मान आपण न हलवता जग हललं की पोटात ढवळलंच म्हणून समज. उपाय म्हणजे गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बस, वळायचं ते खुर्चीने वळ, टेबल फॅन समोरून लाव (हा खरंच लागू पडतो, आपण कुठल्या दिशेला बसलोय ते शरीराला कळत राहतं), लेन्समधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे लावून घे, लॅपटॉप अडखळत असेल तर ग्राफिक्स कमी कर कारण चित्र अडकलं की गरगरणं वाढतं. आणि जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळाला गार घाम, ह्यातलं एक जरी झालं तरी त्याच मिनिटाला काढायचं. इथे 'सहन केलं की सवय होते' हे चालत नाही, उलट दोन-चार वेळा ओकारी आली की नुसता हेडसेट बघून मळमळायला लागतं. माझ्या एका मैत्रिणीला अजून त्या रबराच्या वासाने होतं.

बाकी गेम कुठले, तर तुझ्या सध्याच्या अवस्थेत मी ही यादी दोन भागांत करेन, आत्ता नको आणि नंतर बघू. आत्ता नको मध्ये नार्कोसिस, २०१७ चा. समुद्राच्या तळाला अडकलेला पाणबुड्या, जड सूट, आणि घाबरलास की श्वास जोरात चालतो आणि ऑक्सिजन लवकर संपतो, म्हणजे घाबरल्याची शिक्षा. खूप हुशार कल्पना आहे आणि तुझ्यासाठी अजिबात नाही. फ्रीडायव्हर: ट्रायटन डाउन, २०१९, खास व्हीआरसाठीच केलेला, उलटलेल्या जहाजात पाणी भरतंय आणि दोन्ही हातांनी खरंच पोहल्यासारखं करत बाहेर निघायचं, हा पण नाही, तुझ्या घरात अजून एक टीव्ही असेल तो पण जाईल. आयर्न लंग छोटासा आहे, तास-दीड तासाचा, २०२२ चा, लोखंडी डब्यासारखी पाणबुडी, तिला खिडकीच नाही, बाहेरचं काही बघायचं तर फोटो काढायचा आणि तो उमटायची वाट बघायची. जून २०२३ ला टायटॅनिक बघायला गेलेली टायटन पाणबुडी फुटली तेव्हा ह्या गेमचा खप अचानक वाढला, आणि ते बनवणाऱ्यालाच विचित्र वाटलेलं. माणसं अशीच असतात.

नंतर बघू मध्ये सोमा ठेव. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा, २०१५ चा, समुद्राखालच्या पॅथोस-टू नावाच्या केंद्रात घडतो. त्याला नंतर २०१७ मध्ये सेफ मोड दिला, ज्यात राक्षस फिरतात पण मारत नाहीत, म्हणजे गोष्ट ऐकत फिरता येतं. गोष्ट अफाट आहे, माझ्या मते ह्या सगळ्या गेमांत सगळ्यात चांगली लिहिलेली, पण ती वेगळ्याच ठिकाणी चावते, आपण म्हणजे नक्की कोण असलं काहीतरी डोक्यात घालून देते आणि दुसऱ्या दिवशी चर्चगेट लोकलमध्ये बसून माणूस शून्यात बघत राहतो. रविवारी सकाळी खेळ.

सोडून द्यावेत का असं विचारलंयस. मजा येत नसेल तर द्यावेत की, कोणाच्या बापाचं कर्ज आहे का. पण मला वाटतं तुला मजा येते, उथळ पाण्यात घर बांधलं हे तू पत्रात न विचारता लिहिलंस.

आता बोट. हे मात्र गेमसारखं लांबवू नको. तीन रविवार म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही, पण टाळणं हे फार चिवट असतं, प्रत्येक रविवारी जास्त सोपं होत जातं. ह्या रविवारी जा, आणि जाळ्याला हात लावायचाच असं काही नाही, नुसता बस. पुढच्या वेळी धक्क्याला बोट असतानाच पाण्यात हात घाल, बोटं बुडव आणि थांब. मग बाहेर. तीच पायऱ्या पायऱ्यांची गोष्ट, फक्त तज्ज्ञाच्या जागी बाबा. आणि बाबांना सांग. 'बाबा, गेममध्ये घाबरलो आणि आता पाण्यात हात घालताना कसंतरी होतंय' एवढं एक वाक्य. हसतील, हसू दे. मग त्यांना विचार की तुम्हाला कधी भीती वाटली दर्यावर, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. माझी खात्री आहे उत्तर येईल, कारण तुमचा सगळा धंदाच भीती सांभाळून चालतो. १ जून ते ३१ जुलै बोटी बाहेर काढत नाहीत त्यात माशांची वीण आहे, सरकारचा नियम आहे, पण कायदा यायच्या आधी पण पावसाळ्यात कोण जायचं? नारळी पौर्णिमेला सोन्याचा म्हणून नारळ वाहतात तो काय दर्याला खोबरं आवडतं म्हणून? तुझे बाबा घाबरतात रे, फक्त त्यांच्या भीतीला वेळापत्रक आहे.

हे सगळं करून महिन्याभरात पण पाण्याजवळ गेल्यावर तसंच होत असेल, किंवा झोपेत दचकून उठत असशील, किंवा धडधड ऑफिसात लोकलमध्ये पण यायला लागली, तर मग माझं सदर वाचत बसू नको. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. केईएम, नायर, सायन, कूपर ह्या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते, वर्सोव्याहून कूपर तर तुला रिक्षाच्या अंतरावर आहे. विशिष्ट गोष्टीची भीती हा त्यांच्याकडे येणारा अगदी साधा प्रकार आहे, आणि चांगला बरा होणारा.

मित्रांचं म्हणशील तर व्हिडिओ काढून टाका म्हणून एकदा सरळ सांग, चिडून नाही, ग्रुपवर पण नाही, ज्याने टाकला त्याला फोन करून. आणि मग सगळ्यांना बॅरोट्रॉमामध्ये ओढ. व्हीआर नाही, साधा बाजूने दिसणारा गेम, गुरूच्या युरोपा चंद्राच्या बर्फाखालच्या समुद्रात एक पाणबुडी आणि तिच्यावर सगळे मिळून, कोण कॅप्टन, कोण इंजिनिअर, कोण मेकॅनिक, कोण डॉक्टर. पाणी आत शिरलं की सगळ्यांची पळापळ होते. तिथे कळेल कोणाला बोटीवर कामाची शिस्त आहे आणि कोण नुसता ओरडतो. तुझ्याएवढा बोटीवर वाढलेला त्या टोळक्यात दुसरा कोणी नसणार असा माझा अंदाज, कॅप्टन हो. एका मॉलमध्ये मला एकदा व्हीआरमध्ये शार्कच्या पिंजऱ्यात बसवलेलं तेव्हा मी ते चालवणाऱ्या पोराला कोपराने हाणलेलं, त्याचा चष्मा गेला, आणि तिथे पण लोक शूटिंग करत होते, तो व्हिडिओ अजून माझ्या भाच्याकडे आहे. मरत नाही माणूस त्याने.

हेडसेट परत द्यायचाय तर एक लक्षात ठेव, खिडकीत किंवा सुकत घातलेल्या मासळीच्या बाजूला उन्हात ठेवू नको, लेन्समधून ऊन आत गेलं की आतली स्क्रीन जळते, अगदी भिंगाने कागद जळतो तसं, आणि मग मावसभावाला पण मांजराचंच नाव सांगावं लागेल. आणि खेळताना आजूबाजूला दोन हात मोकळी जागा ठेव, तेवढी असती तर टीव्ही वाचला असता.

त्या टीव्हीचं खरं काय ते आजच आईला सांग आणि पुढच्या पगारातून थोडे पैसे दे. मांजर बिचारं बोंबील खाऊन झोपलेलं असणार तेव्हा.